प्रत्येक फेरी निराळी

कोल्हापुरातल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर एखादी गो-कार्ट वळणात शिरते, तेव्हा आपण तिच्या आतल्या बाजूच्या मागच्या चाकाकडे पाहावे. ते चाक जमिनीपासून किंचित, अगदी किंचित, उचलले जाते. दोन चाकांना निराळ्या गतींनी फिरू देणारे डिफरन्शियल कार्टला नसते. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडायचे असूनही दोघांना फिरावे लागते ते एकाच गतीने. आतले चाक उचलले गेले तरच गाडी मोकळी होऊन वळते. ते वेळेआधी टेकले की इंजिनाचा सूर जड होतो आणि त्या फेरीतला मौल्यवान वेळ तिथेच गळून जातो. चालकाने स्टिअरिंग किती वळवले, ब्रेक केव्हा सोडला, शरीराचा भार कसा राहू दिला, या साऱ्याचा निकाल त्या बोटभर उचललेल्या चाकात आपल्याला वाचता येतो.

नव्या प्रेक्षकाला वाटते की त्याच त्या रस्त्यावर गाड्या गोल गोल फिरतात, यात पाहायचे काय? पण अल्लादिया खाँसाहेबांच्या गाण्यावर ज्या गावाचा कान तयार झाला, त्या कोल्हापूरला आवर्तनाचे मर्म नव्याने सांगायला नको. मात्रा तितक्याच, समही तीच, आणि तरी समेवर येण्याची वाट दर वेळी निराळी! शर्यतीतल्या फेरीचे, म्हणजे लॅपचे, अगदी तसेच आहे, आणि म्हणूनच तिच्या प्रत्येक रूपाला स्वतंत्र नाव आहे.

आधी घेऊ फॉर्मेशन लॅप. ही शर्यतीच्या आधीची फेरी. तिच्यात कुणी कुणाला मागे टाकायचे नसते. गाड्या डावी-उजवीकडे हेलकावे घेतात, मध्येच जोरात ब्रेक लावतात; ही चालकांची लहर नव्हे, थंड रबर रस्त्याला धरत नाही म्हणून टायर आणि ब्रेक तापवण्याची ती तयारी आहे. फॉर्म्युला वनमध्ये या फेरीनंतर गाड्या आपापल्या जागी थांबतात. कार्टच्या शर्यतीत बहुधा दोन रांगांनी, चालत्या गाड्यांनिशीच, प्रारंभ होतो. इतका वेळ शिस्तीने सरकणारी ती जोडरांग दिवा बदलताच फुटते, तो क्षण मला साऱ्या शर्यतीत सर्वांत देखणा वाटतो.

पात्रता फेरीत, म्हणजे प्रारंभाच्या जागा ठरवणाऱ्या सत्रात, गाड्या सज्ज होतात त्या पिटमधून बाहेर पडतानाची ती आउट लॅप, आणि तिच्यामागून येणारी, पूर्ण वेगात रेषा ओलांडून सुरू होणारी, ती फ्लाइंग लॅप. यातली गंमत अशी, की घड्याळ रेषेवर सुरू होत असले तरी चांगली फ्लाइंग लॅप त्याआधीच सुरू झालेली असते. आउट लॅपच्या शेवटच्या वळणातून चालक किती वेगाने बाहेर पडला, त्यावर पुढच्या सरळ रस्त्याचा सारा वेग ठरतो. म्हणून जाणकाराची नजर रेषेवर नव्हे, तिच्या मागच्या वळणावर असते. मोठ्या शर्यतीत फेरीचे तीन सेक्टर पाडतात. पडद्यावर जांभळा रंग उमटला तर तो भाग त्या वेळेपर्यंत सर्वांत वेगाने पार झाला, हिरवा उमटला तर चालकाने स्वतःचीच आधीची वेळ सुधारली. पहिला सेक्टर जांभळा दिसला, की दुसऱ्यात पाऊल घालणाऱ्या त्या गाडीबरोबर आपलाही श्वास थोडा वर राहतो.

आता एक जोडी शेजारी ठेवून पाहू. २०११ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, ५.१२५ किलोमीटरच्या ट्रॅकवर, फॉर्म्युला वनचा चालक सेबास्टियन फेटेल याने पात्रता फेरीत १ मिनिट २४.१७८ सेकंदांची फेरी मारून पोल, म्हणजे प्रारंभाची पहिली जागा, मिळवली. दुसऱ्या दिवशी त्याचीच शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी होती १ मिनिट २७.२४९ सेकंदांची, आणि तीही साठाव्या, अखेरच्या फेरीत. माणूस तोच, गाडी तीच, मग तीन सेकंद गेले कुठे? पोलची फेरी कोऱ्या टायरवर आणि थोड्याशा इंधनावर मारलेली असते. शर्यतीत सारे इंधन प्रारंभीच भरून घ्यावे लागते आणि टायर जपावे लागतात. जसजसे इंधन जळते तसतशी गाडी हलकी होते, म्हणून सर्वांत वेगवान फेरी पुष्कळदा अखेरीस येते. पहिली फेरी आहे ती उधळून दिलेल्या सामर्थ्याची, दुसरी राखून ठेवलेल्या सामर्थ्याची, आणि मला ही दुसरी अधिक प्रिय आहे.

शिवाय काळाचे हे माप किती बारीक! १९९७ साली स्पेनमधल्या हेरेझला व्हिलनव्ह, शूमाकर आणि फ्रेंट्झन या फॉर्म्युला वनच्या तिन्ही चालकांनी पात्रता फेरीत अगदी तीच वेळ नोंदवली, १ मिनिट २१.०७२. ज्याने ती आधी नोंदवली, त्या व्हिलनव्हला पहिली जागा मिळाली. ताशी शंभर किलोमीटरने धावणारी कार्ट सेकंदाच्या हजाराव्या भागात जेमतेम तीन सेंटिमीटर सरकते. आपल्या डोळ्यांना न दिसणारा तो फरक गाडीवरचा ट्रान्सपॉन्डर टिपतो.

शर्यतीत मागे पडलेल्या चालकाला निळा झेंडा दाखवला, की समजावे, आघाडीचा त्याला अख्ख्या फेरीने मागे टाकायला आला आहे. विजेत्याने रेषा ओलांडली की अशा चालकाची शर्यतही रेषेवर संपते, एक फेरी कमी धावून.

ही सारी भाषा आता कोल्हापूरची झाली आहे. राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या या गावाने भरवल्या. इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला, ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या एकाच बनावटीच्या गाड्यांच्या शर्यतींत उतरला.

आणि चौकडीचा झेंडा पडला म्हणून लगेच उठू नका. त्यानंतरची फेरी, इन लॅप, संथ असते. पण फॉर्म्युला वनचे चालक त्या फेरीत मुद्दाम रस्त्याच्या कडेने जाऊन तिथे विखुरलेले रबराचे तुकडे टायरला चिकटवून घेतात, कारण पुढे गाडीचे वजन व्हायचे असते. कार्टच्या शर्यतीत तर चालक आणि गाडी मिळून काट्यावर चढतात. वजन कमी भरले तर जिंकलेली शर्यतही हातची जाते, तेव्हा निकाल काट्यावर पाहूनच घरी जा.