नक्कल आणि मालकी : फिरत्या नाटकमंडळ्यांच्या संहितांविषयी काही विचार

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात लहान फिरत्या मंडळ्यांचा उल्लेख बहुधा एका ठरीव वाक्याने उरकला जातो. मोठ्या मंडळीचे नाटक गाजले की दुय्यम मंडळ्या ते उचलीत आणि आडगावी त्याचे खेळ लावीत, असे त्या वाक्याचे तात्पर्य असते. ‘उचलणे’ हे क्रियापद येथे निर्णयासारखे येते. त्यास पुराव्याची जोड द्यावी असे लेखकास वाटत नाही. हीच क्रिया एखाद्या मान्यवर नाटककाराने केली असता तिला ‘रूपांतर’ हे सन्मानाचे नाव मिळते. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’चे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १९१६ साली संगीत रूपात रंगभूमीवर आलेले हे नाटक देवलांच्याच १८९३ मधील ‘फाल्गुनराव’ या गद्य प्रहसनावरून सिद्ध झाले. ते प्रहसन आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या कृतीवरून, आणि मर्फीची कृती मोलिएरच्या १६६० मधील ‘स्गानारेल’वरून. तीन भाषांतून वाहत आलेल्या या कृतीला कोणी चोरी म्हटलेले नाही, आणि म्हणूही नये. देवलांची भाषा इतकी स्वयंपूर्ण आहे की मूळ शोधण्याची इच्छाच वाचकास होत नाही. प्रश्न एवढाच की हे औदार्य पदरी छापखाना नसलेल्या मंडळीच्या वाट्याला का येऊ नये?

या प्रश्नाचा विचार करताना प्रथम मराठी रंगभूमीने स्वतःसाठी घडविलेला एक शब्द तपासला पाहिजे. नटाने पाठ करावयाच्या त्याच्या वाट्याच्या संवादांना आपल्याकडे ‘नक्कल’ म्हणतात. ‘नक्कल पाठ झाली’, ‘नक्कल उतरवून दिली’ हे नाटकमंडळ्यांतील रोजचे बोलणे होते. मूळ अरबी धातूचा अर्थ एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी नेणे असा आहे. त्यावरून उतरवून घेणे, आणि मराठीत पुढे दुसऱ्याचे हुबेहूब अनुकरण करणे, असे अर्थ विकसित झाले. कचेरीतील दस्तऐवजाची प्रत, नकल्याचे सोंग आणि नटाची भूमिका या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात सामावल्या, हा निव्वळ योगायोग नव्हे. नाटक म्हणजे उतरवून घेण्याची व वाहून नेण्याची वस्तू, ही समजूत या व्यवसायाच्या शब्दसंग्रहातच रुजलेली होती. नटाच्या हाती संपूर्ण संहिता क्वचितच येई. त्याच्यापाशी त्याची नक्कल आणि मागच्या नटाच्या वाक्याचे शेवटचे शब्द असत. सबंध नाटक प्रॉम्प्टरच्या वहीत असे, आणि ती वही मंडळीची मिळकत मानली जाई.

आरंभीच्या काळात तर उचलण्याजोगी संहिताच नव्हती. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आपली भाषणे प्रसंगानुरूप, स्वयंस्फूर्तीने करीत. भाव्यांचे अनुकरण करून इचलकरंजीकरांसारख्या मंडळ्या निघाल्या, त्यांनी घेतली ती आख्यानाची पद्धती: विदूषक, सूत्रधार, गणपती-सरस्वतीचे आगमन आणि पदांची मांडणी. पद्धतीवर मालकी सांगता येत नाही. भाव्यांनी आपली पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापली ती १८८५ साली, म्हणजे आरंभानंतर बेचाळीस वर्षांनी. त्यानंतरच त्या पदांना पृष्ठावरचा कर्ता लाभला. मधल्या काळात विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) सारखी लिखित नाटके पुढे आली. त्यांस तत्कालीन प्रेक्षक ‘बुकिश’ नाटके म्हणत. या विशेषणातील किंचित उपहास लक्षात घेण्याजोगा आहे. नाटक पुस्तकातून येते ही गोष्टच लोकांना नवी व थोडी कृत्रिम वाटत होती.

कायद्याची स्थिती याहून विचित्र होती. १८४७ चा विसावा कायदा पुस्तकाच्या छपाईचे संरक्षण करी. त्याची दृष्टी पानावर होती, रंगमंचावर नव्हती. १८७६ साली नाट्यप्रयोगांचा कायदा झाला तो प्रयोग बंद करण्यासाठी, आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली त्याचाच आघात झाला. नाटकाच्या प्रयोगावर कर्त्याचा हक्क असतो, ही कल्पना येथील कायद्यात स्पष्टपणे आली ती १९१४ च्या अधिनियमाने, इंग्लंडच्या १९११ च्या कायद्याचा अवलंब करून. रंगमंचावर काय बोलले जाते याची काळजी सरकारास कर्त्याच्या हक्काच्या अडतीस वर्षे आधी वाटली, हा क्रम बोलका आहे. १९१४ च्या कायद्याने भाषांतराचा हक्क मात्र कर्त्याकडे दहाच वर्षे ठेवला. त्या मुदतीत त्याने भाषांतर प्रसिद्ध केले नाही तर पुढे ते कोणासही मोकळे होई.

अमेरिकेतील इतिहास येथे तुलनेस घेण्यासारखा आहे. तेथे प्रयोगाचा हक्क १८५६ सालीच कायद्याने मान्य झाला होता, परंतु परदेशी कर्त्यास १८९१ पर्यंत संरक्षण नव्हते. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचे ‘एच. एम. एस. पिनाफोर’ हे संगीतनाटक १८७८ नंतर अमेरिकेत असंख्य मंडळ्यांनी कर्त्यांस एक पैही न देता केले. म्हणून पुढचे नाटक त्यांनी १८७९ च्या ३१ डिसेंबरास न्यूयॉर्कमध्येच प्रथम सादर केले. त्या नाटकाच्या नावात चाचे आहेत ही गंमत तेव्हाच्या प्रेक्षकांसही कळली असावी. विनापरवाना प्रयोग हा तेथे १८९७ साली फौजदारी गुन्हा झाला. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभीही टंकलिखित चोरट्या प्रती विकणारा धंदा शिकागोसारख्या शहरात चालूच होता, आणि तंबू ठोकून गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्या नाटकाचे नाव पालटून ते खेळत. मराठी मंडळ्यांना असे नाव पालटण्याची निकड फारशी नव्हती. ‘सौभद्रा’चे नाव बदलले असते तर प्रेक्षक आलाच नसता. अमेरिकन मंडळीला कायद्याचे भय होते, मराठी मंडळीला प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीचे. नटाने पद चुकविले तर पिटातला माणूस ते पुरे करून देईल, ही भीती कायद्याहून कडक होती.

संगीत नाटकाच्या छापील प्रतीत पदाच्या शिरोभागी ‘चाल’ म्हणून मूळ पदाचा आरंभ दिलेला असतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पदांमागे कानडी चाली, साक्या, दिंड्या व कीर्तनातील वळणे उभी आहेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनया’पासून (१८९६) पारशी रंगभूमीवरील चाली आणल्या. उसनवारीचा हा जाहीर कबुलीजबाब मराठी नाट्यवाङ्मयाचे भूषण होय. मात्र कबुली चालीपुरती असते, आणि त्या चालीच्या मूळ गायकाचे नाव तेथेही नसते, हे नाट्यसमीक्षेने आजवर दुर्लक्षिले आहे.

नट मंडळी सोडून जात, तेव्हा त्यांच्याबरोबर काय जात असे? १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांच्या मुखात असलेल्या नकला कोणत्या पेटाऱ्यात कुलूपबंद करता आल्या असत्या? १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नट एका रात्री एका नाटकात उभे राहू शकले, याचे कारण शब्द, चाली आणि प्रवेशांचे संकेत यांची एक समाईक भूमी व्यवसायात तयार झाली होती. या प्रयोगाचे कौतुक इतिहासकार मुक्तकंठाने करतात. त्या भूमीवर वावरणारी लहान मंडळी मात्र त्यांस अपराधी वाटते.

याचा अर्थ कर्त्यांचे नुकसान झालेच नाही असा नव्हे. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत सावनेर येथे वारले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यानंतर, आणि त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. ज्या नाटकाने पुढे दीर्घकाळ थिएटरे भरली त्याचा पहिला पडदा उघडलेला पाहणेही कर्त्याच्या नशिबी नव्हते. लेखकाच्या हक्काचा प्रश्न खरा आहे; तो केवळ आडगावच्या मंडळीच्या माथी मारून सुटत नाही, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

लोकरंगभूमीने मालकीचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता. शाहीर लावणीच्या अखेरीस आपली नाममुद्रा घालतो. होनाजी बाळा, परशराम, अनंत फंदी आणि अलीकडच्या काळात पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांची नावे रचनेच्या अंगातच विणलेली आहेत. दुसऱ्या फडाने ती लावणी गावी, पण गाताना कर्त्याचे नाव उच्चारावेच लागे. ते गाळले तर यमक मोडे. छापखान्याशिवाय आणि न्यायालयाशिवाय चालणारी ही नोंदणी होती. बुकिश नाटकाच्या नकलेत अशी सोय नाही.

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार आणि त्याभोवतीचा प्रदेश मराठी, गुजराती, अहिराणी व भिली बोलींच्या संगमावर आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशाचे फड उतरतात. सातपुड्याच्या पायथ्याशी सोंगाड्यांचे खेळ होतात. खान्देशात तर लोकगायनाचा एक प्रकारच ‘वही’ या नावाने ओळखला जातो. अशा प्रदेशात वग एका बोलीतून दुसरीत जातो तेव्हा त्यातील नावे, नाती आणि शिव्या प्रथम बदलतात, कथानक शेवटी. भाषाभ्यासकास हे पाठभेद मूळ संहितेइतकेच मोलाचे आहेत. त्यांना ‘भ्रष्ट प्रत’ म्हणून बाजूला सारणारी संपादनपद्धती ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांना लावलेली काळजी तमाशाच्या वहीला नाकारते.

आणखी एक उलटी गोष्ट नमूद केली पाहिजे. १९५७ चा लेखनाधिकाराचा कायदा कर्ता ज्ञात असेल तेथे संरक्षण देतो. कर्त्याच्या मृत्यूनंतरची पन्नास वर्षांची मुदत १९९२ साली साठ करण्यात आली. परंपरेने आलेल्या, एका कर्त्याचे नाव नसलेल्या गीताला त्यात जागा नाही. परिणामी संग्राहक गावात जातो, रात्रभर ऐकतो, उतरवून घेतो आणि मुखपृष्ठावर स्वतःचे नाव घालतो. गाणाराचे नाव ऋणनिर्देशातही नसते. फिरत्या मंडळीने नाटक उचलले तर ती चोरी, आणि अभ्यासकाने उचलले तर ते संकलन. अशा संग्रहांत नाममुद्रेची ओळ कधी ‘प्रक्षिप्त’ म्हणून तळटीपेत जाते, कधी पानावरून पुरती नाहीशी होते. त्या ओळीत कर्त्याने आपले नाव लिहिले होते.