शासनाची हयगय आणि सार्वभौमत्वाची ढाल

नोकराने कामाच्या ओघात केलेल्या हयगयीबद्दल मालक जबाबदार ठरतो, हे अपकृत्य कायद्याचे सर्वमान्य तत्त्व होय. मालक शासन असेल तर मात्र नोकर 'सार्वभौम' कार्य करीत होता काय, असा प्रश्न आधी उपस्थित केला जातो. ही कसोटी 1861 च्या पी. अँड ओ. कंपनीच्या खटल्यातून आली. ईस्ट इंडिया कंपनी व्यापारीही होती आणि राज्यकर्तीही. त्या दुहेरी भूमिकेसाठी केलेली विभागणी प्रजासत्ताकास शोभत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विद्यावती खटल्यात 1962 साली ओळखले होते.

दोनच वर्षांनी कस्तुरीलाल खटल्यात पाऊल मागे पडले. मेरठच्या पोलिसांनी 1947 साली एका सराफाचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त केले. हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. हयगय सिद्ध झाली, भरपाई नाकारली गेली. निकालपत्र सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचे आहे. ही स्थिती समाधानकारक नाही असे म्हणत त्यांनी कायदा करण्याची अपेक्षा व्यक्त केली. पण न्यायालयाच्या हाती काहीच नव्हते, हे पटत नाही. विधि आयोगाने 1956 च्या पहिल्याच अहवालात अशा कायद्याची शिफारस केली होती. पुढे विधेयके आली. कायदा झाला नाही.

त्याची किंमत कोण मोजतो, हे खोडवा खटल्यावरून दिसते. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय रुग्णालयात 1963 साली नसबंदीच्या शस्त्रक्रियेत एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला व ती दगावली. दिवाणी न्यायालयाने 36,000 रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने रुग्णालय चालविणे हेच सार्वभौम कार्य ठरविले! सर्वोच्च न्यायालयाने मूळ हुकूमनामा पुन्हा कायम केला तो 1996 साली.

नीलाबती बेहेरा (1993) व नागेंद्र राव (1994) या निर्णयांनी ही ढाल बरीच झिजवली, हे मान्य. परंतु रिट याचिकेचा मार्ग मूलभूत हक्कांच्या उघड भंगापुरता. वस्तुस्थिती वादग्रस्त असली की पीडितास दिवाणी न्यायालयाकडे धाडले जाते. तेथे कलम 80 ची नोटीस देऊन दोन महिने थांबल्यावर शासनाच्या कैफियतीत त्यास पुन्हा कस्तुरीलालच भेटू शकतो, कारण तो निर्णय संकुचित झाला असला तरी रीतसर रद्द झालेला नाही.