'आरोग्यनिकेतना'तील रुग्णहिताचा प्रश्न

ताराशंकर बंद्योपाध्यायांची 'आरोग्यनिकेतन' ही बंगाली कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली आणि १९५६ साली तिला साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले. तेव्हापासून तिच्याविषयी जे लिहिले जाते त्याचा सूर बहुधा एकच असतो. जुनी वैद्यकी आणि नवी वैद्यकी, नाडी आणि क्ष-किरण, मावळते खेडे आणि उगवते सरकारी रुग्णालय ह्यांच्या संघर्षाचे हे चित्र आहे, असे सांगितले जाते. हे खोटे नाही; परंतु त्याने कादंबरीची पार्श्वभूमी तेवढी सांगून होते, तिचा प्रश्न तसाच राहतो. तो प्रश्न असा, की रुग्णाचे हित कशात आहे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

वैद्यकनीतीच्या चर्चेत ह्या प्रश्नाला आता स्वतंत्र नाव आहे. अमेरिकेत १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या बेलमाँट अहवालाने मानवी संशोधनासाठी जी तीन तत्त्वे मांडली त्यांत हिततत्त्व हे एक. त्याच वर्षी बोशँप आणि चिल्ड्रेस ह्यांच्या ग्रंथाने वैद्यकनीतीची जी चौकट रूढ केली तीतही ते आहे. अपाय करू नये आणि शक्य तितके भले करावे, एवढे साधे हे तत्त्व दिसते. ह्या दोन्ही ठिकाणी त्याच्या शेजारी व्यक्तीच्या स्वयंनिर्णयाचे तत्त्व ठेवलेले आहे, आणि खरी अडचण ह्या शेजारातूनच उत्पन्न होते. ताराशंकरांनी ही अडचण पंचवीस वर्षे आधी, तिला कोणतेही पारिभाषिक नाव नसताना, राढ बंगालमधील एका खेड्यात पाहिली होती.

जीवन मशाय हा पिढीजात वैद्य. 'मशाय' म्हणजे महाशय. लोकांनी आदराने दिलेली उपाधीच घराण्याचे नाव होऊन बसली आहे. वडील जगत् मशाय ह्यांच्याकडून त्याला नाडीविद्या मिळाली, रंगलाल डॉक्टरांकडून पाश्चात्त्य औषधांचे ज्ञान मिळाले. म्हणजे तो केवळ 'जुना' नाही. ज्यांना द्वंद्वाचे सोपे चित्र हवे असते ते ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. त्याची ख्याती 'निदाना'ची. मराठीत निदान म्हणजे रोगाची ओळख. ह्या कादंबरीत मात्र तो शब्द रोग्याच्या अंतकाळाच्या भाकितासाठी येतो. मशाय नाडीवर बोटे ठेवतो आणि मृत्यू किती अंतरावर आहे ते सांगतो.

मोती कर्मकाराची म्हातारी आई पाय मोडून पडते. मशाय तिला तीर्थवासाची दिशा दाखवितो, म्हणजे आता निघण्याची तयारी कर असे सुचवितो. रुग्णालयातील तरुण डॉक्टर प्रद्योत ह्याला हे अमानुष वाटते. जिवंत माणसाच्या हातून जगण्याची इच्छा काढून घेणे हा त्याच्या दृष्टीने गुन्हा आहे. उलट मशायच्या दृष्टीने पूर्ण आयुष्य भोगलेल्या माणसाला मृत्यूसाठी सावध करणे हीच अखेरची चिकित्सा. दोघेही हिताचीच भाषा बोलतात आणि दोघेही प्रामाणिक आहेत.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. मशायला आपण 'आयुर्वेदाचा प्रतिनिधी' म्हणतो; परंतु चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला जो उपदेश केला आहे त्यात, रोग्याचे आयुष्य सरत आले आहे हे कळले तरी, जेथे सांगितल्याने रोग्यास अथवा दुसऱ्या कोणास आघात पोहोचेल तेथे ते सांगू नये, असे स्पष्ट बंधन आहे. मृत्युसूचक लक्षणांसाठी त्याच संहितेने इंद्रियस्थान नावाचा स्वतंत्र विभाग राखून ठेवला. म्हणजे जाणण्याची विद्या पूर्णपणे दिली आणि बोलण्यावर मात्र लगाम घातला. ह्या कसोटीवर प्रद्योतचा आक्षेप परकीय विज्ञानाचा ठरत नाही. तो मशायच्याच परंपरेचा आक्षेप आहे. कादंबरीला परंपरा आणि आधुनिकता ह्यांचा सामना म्हणणाऱ्यांची मांडणी येथेच लंगडी पडते.

कादंबरीचे मर्म मात्र वनविहारीच्या मृत्यूत आहे. मशाय आपल्या एकुलत्या मुलाच्या नाडीत मृत्यू ओळखतो आणि ते घरात सांगतो. पत्नी आतर-बौ त्याला ह्याची क्षमा कधीच करीत नाही. तिचा कडवटपणा आधीचाच, संसाराच्या आरंभापासूनचा. पण ह्या प्रसंगानंतर त्याला न्याय्य कारण मिळते. बापाच्या तोंडी हे शब्द आलेच कसे, हा तिचा प्रश्न नाडीविद्येविरुद्ध नाही. मशायची नाडी चुकली नव्हती, हे ती जाणते. तिचे म्हणणे एवढेच, की हे ज्ञान उच्चारून त्याने कोणाचे हित साधले? मुलाचे नव्हे, आईचे तर नव्हेच. अपरिहार्यतेपुढे आपण स्थिर राहिलो हे समाधान त्याला स्वतःला मिळाले, एवढेच फार तर म्हणता येईल.

आणि नेमके येथे ताराशंकरांची कलादृष्टी थोडी ढळते असे मला वाटते. मशायची बहुतेक भाकिते ते खरी ठरवितात. पुढे प्रद्योतच्या स्वतःच्या घरातील आजारपणात वृद्धाच्या बोटांचा प्रत्यय त्या तरुणालाही येतो आणि विरोधाची जागा आदर घेतो. हा बदल हृद्य आहे, पण त्याने नैतिक प्रश्नाला बगल दिली जाते. भाकीत अचूक होते म्हणून ते सांगणे योग्य होते, असा तर्क वाचकाच्या मनात नकळत रुजतो. अचूकता हा ज्ञानाचा गुण आहे. ते ज्ञान ज्याच्याविषयी आहे त्याच्या स्वाधीन केव्हा आणि कसे करावे, हा प्रश्न अचूकतेने सुटत नाही. भाकिते चुकती राहिली असती तर प्रद्योतचा विजय फार स्वस्त झाला असता, हे मान्य; परंतु आता मशायचा विजय तितकाच स्वस्त झाला आहे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. ह्या विस्तृत ग्रंथात वैद्यांची सदसद्विवेकबुद्धी फार बारकाईने रंगविली आहे. रोगी मात्र बहुधा नाडीपुरताच येतो. तो भितो, रडतो, पळून जातो, मरतो. पण त्याला काय जाणून घ्यायचे होते हे क्वचितच विचारले जाते. टॉलस्टॉयने १८८६ मध्ये 'इव्हान इलिच'मध्ये कथेचे केंद्रच रोगशय्येवर नेले, म्हणून तेथे भोवतालच्या मंडळींचे सौम्य असत्य रोग्याला वेदनेहून असह्य झालेले आपल्याला कळते. ताराशंकरांचे केंद्र वैद्याच्या आसनावर आहे. म्हणून सांगणारा मशाय असो वा न सांगणारा प्रद्योत, रोग्याच्या वतीने निर्णय घेणारा एक थोर पुरुष उरतोच. आपल्या देशात आजही कर्करोगाचे नाव रोग्याच्या आधी नातेवाईकांना सांगितले जाते आणि ते डॉक्टरला दाराबाहेर नेऊन गप्प राहण्याची विनंती करतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनीही आजाराचे गांभीर्य वाढवून वा घटवून सांगू नये असे म्हणताना रोगी, नातेवाईक आणि जबाबदार मित्र ह्यांना एकाच ओळीत बसविले आहे. ही प्रेमळ पण निर्णय हिरावणारी व्यवस्था ताराशंकरांनी निर्माण केली नाही. तिचे इतके विश्वासार्ह चित्र मात्र भारतीय कादंबरीत मला अन्यत्र आढळलेले नाही.

कादंबरीत मृत्यूचे रूप वारंवार येते ते पिंगलकेशिनीचे. महाभारतात ब्रह्म्याने निर्माण केलेली मृत्यू संहार करावयास नाकारते, रडते, आणि तिचे अश्रूच व्याधी होतात. ताराशंकरांनी तिला अंध आणि बधिर केले. व्याधी तिला हाती धरून चालविते. ही प्रतिमा जेव्हा मशायच्या तत्त्वचिंतनात येते तेव्हा ती काहीशी अलंकारासारखी वाटते. शेवटी तो स्वतः हृद्रोगाने पडतो, तेव्हा तिला एकदम वजन येते. आपल्याच मनगटावर बोटे ठेवून तो तिच्या येण्याचा मागोवा घेऊ लागतो. तिला रूप आहे का, स्पर्श आहे का, हे शोधू पाहतो. उशाशी आतर-बौ आहे. सबंध ग्रंथात प्रथमच जाणणारा आणि ज्याच्याविषयी जाणायचे तो एकच असतो, आणि हे कोणाला सांगावे की न सांगावे, असा विचारही त्याच्या मनात येत नाही.