केशवसुतांचा आदर्श देश

सर टॉमस मोर यानें १५१६ सालीं आपल्या 'युटोपिया' ग्रंथांत एका आदर्श बेटाचें वर्णन केलें. तेथें दिवसाकाठीं सहाच तास काम, खासगी मालमत्ता नाहीं, सोन्यास किंमत नाहीं. पण परगांवीं जावयास परवाना लागतो, आणि गुलामहि आहेत! सुखाची व्यवस्था परिपूर्ण करूं जातां स्वातंत्र्याचीच जागा आक्रसते, हें तें वाचतांना जाणवतें. ही अडचण मनांत ठेवून केशवसुतांची (१८६६–१९०५) कविता पाहिली म्हणजे तिचें एक वेगळेपण ध्यानांत येतें.

'तुतारी' आणि 'झपूर्झा' या दोन्ही कविता १८९३ सालच्या. पहिलींत जीर्ण रूढींवर चाल करून जाण्याची हांक आहे. दुसरींत मुलींच्या खेळांतला एक शब्द घेऊन, जेथें हर्ष आणि खेद दोन्ही मावळतात अशा अवस्थेचा वेध आहे. बाहेरचें बंधन तुटावें आणि आंतलेंहि सुटावें, अशी ही दुहेरी ओढ आहे. एकीवांचून दुसरी अपुरी, हें या कवीनें ओळखलें होतें, असें आम्हांस वाटतें.

मोडावयाचें काय तें केशवसुत सांगतात, बांधावयाचें काय तें सांगत नाहींत, असा आक्षेप कोणी घेईल. तो सर्वस्वी खोटा नाहीं. 'तुतारी'त आवेशाच्या मानानें भावी समाजाचें चित्र पुसट आहे. तथापि मोरच्या बेटाप्रमाणें कायदेकानू आंखून दिले असते, तर त्या देशांत कवीलाहि परवाना मागावा लागला असता! अखेरच्या वर्षांतील 'हरपलें श्रेय' या कवितेंत हरवलेलें तें कांहीं शेवटपर्यंत सांपडत नाहीं. ही हार आहे, असें आम्ही मानीत नाहीं. न सांपडलेलें सांपडलें असें सांगून वाचकाची समजूत काढण्याचें कवीनें नाकारलें, यांतच त्याचा प्रामाणिकपणा आहे.

आपल्या घरांतून मुलें 'तुतारी' खड्या आवाजांत म्हणून दाखवितात आणि आपण कौतुकानें ऐकतों. त्यांतलाच एखादा मुलगा उद्यां रूढ वाट सोडून जावयास निघाला, तर तेंच कौतुक आपल्यापाशीं शिल्लक राहील काय? ज्यांना ती कविता आवडते, त्यांनीं या प्रश्नाचें उत्तर आधीं स्वतःस द्यावें.