ललिता पवार : अपघात आणि अभिनय

ललिता पवार म्हटले की तुम्हाला खाष्ट सासू आठवते. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढच्या यशाचे श्रेय अनेकजण त्या डोळ्यालाच देतात. हे पटण्यासारखे नाही.

‘अनाडी’ (१९५९) पाहा. मिसेस डिसाच्या चेहऱ्यावर तोच डोळा आहे. तरी भाडेकरूवर खेकसणाऱ्या या घरमालकिणीची माया आपल्यापर्यंत पोचते. या भूमिकेला सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘श्री ४२०’मधली (१९५५) केळीवालीही अशीच मायाळू. आणि दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेत (१९८७) त्याच चेहऱ्याने मंथरेचा कावा उभा केला. चेहरा एकच आणि परिणाम इतके वेगळे, तर फरक डोळ्यात नाही. तो आवाजाच्या चढउतारात, मध्येच थांबण्यात, उभे राहण्याच्या ढबीत शोधा.

हिंदी चित्रपटाने त्यांना बहुधा सासूच्याच चौकटीत ठेवले, हा त्या धंद्याचा आळस. अपघाताने वाट बदलली. त्या वाटेवरचे चालणे मात्र त्यांचे स्वतःचे होते. ‘अनाडी’तला त्यांचा एखादा प्रसंग डोळे मिटून नुसता ऐका, म्हणजे पटेल.