पाणी काढणाऱ्यांना ठाऊक होते

रोम, असिसी, पादुआ ही नावे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आता परकी राहिलेली नाहीत. यात्रेकरूंचे गट तिकडे जातात आणि परतल्यावर बॅसिलिकांच्या वर्णनाबरोबर वाटेवरच्या एका दृश्याचे वर्णन हमखास करतात. बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या टेकड्या, त्यांवर दोरी लावून आखल्यासारख्या द्राक्षवेलींच्या रांगा आणि माथ्यावर एखादे जुने दगडी गाव. असिसीहून फ्लॉरेन्सकडे निघाले की त्रासिमेनो तळे मागे पडते आणि डोंगराच्या उतारावर कोर्तोना नगर दिसू लागते. संत मार्गारेटचे पार्थिव तेथील मंदिरात जतन केलेले आहे. परंतु गेल्या काही दशकांत कोर्तोनाची जगभर जी कीर्ती झाली ती या संत स्त्रीमुळे नव्हे, तर सुट्टीविषयीच्या एका पुस्तकामुळे.

चार मित्रांनी मिळून अशा खेड्यातले घर भाड्याने घ्यावे, दिवसभर निवांत हिंडावे, संध्याकाळी झाडाखाली लांब मेज मांडून गावचा द्राक्षारस घ्यावा, हे आज जगभरच्या सुखवस्तू माणसांचे आवडते स्वप्न झाले आहे. या स्वप्नाचे एक वाङ्मयही निर्माण झाले आहे. त्याचा नमुना म्हणून आम्ही अमेरिकन कवयित्री फ्रान्सेस मेझ यांचे १९९६ साली प्रसिद्ध झालेले ‘अंडर द टस्कन सन’ हे पुस्तक घेतो. त्याच्या शेजारी इटलीच्या वायव्येकडील पिएमाँत प्रांताचे लेखक चेझारे पावेझे यांची १९५० सालची ‘ला लूना ए इ फालो’, म्हणजे ‘चंद्र आणि आगट्या’, ही कादंबरी ठेवतो. दोन्ही पुस्तकांत अमेरिकेतून आलेला पाहुणा आहे, द्राक्षमळ्यांचा मुलूख आहे, उन्हाळा आहे आणि मैत्रीही आहे. असे असून एक पुस्तक मिटल्यावर तिकीट काढावेसे वाटते आणि दुसरे मिटल्यावर बराच वेळ बोलवत नाही. हे का व्हावे, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

शोधासाठी आम्ही एक मोजमाप योजतो आणि ते शुभवर्तमानातून घेतो. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला. येशूच्या सांगण्यावरून चाकरांनी सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरले. भोजनकारभाऱ्याने चव घेतली, वाखाणणी केली, वराला बोलावून दादही दिली. मात्र तो द्राक्षारस कुठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. संत योहान येथे मुद्दाम एक गोष्ट नोंदवून ठेवतो की ज्या चाकरांनी पाणी काढले होते त्यांना ते ठाऊक होते. प्रवचनांतून या वाक्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. साहित्याच्या दृष्टीने मात्र ते फार मोलाचे आहे. मेजवानीचे वर्णन दोन ठिकाणांहून करता येते, चव घेणाऱ्याच्या आसनावरून आणि रांजणाजवळून. सुट्टीचे वाङ्मय कोणत्या जागेवरून लिहिले आहे, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम मेझबाईंना न्याय दिला पाहिजे. त्यांनी १९९० साली कोर्तोनाजवळ ‘ब्रामासोले’ नावाचे घर घेतले. तीस वर्षे ते ओसाड पडले होते. विहीर, छत, भिंती, बागेचे टप्पे या सगळ्यांची डागडुजी करताना त्या स्वतः राबल्या, ऑलिव्हची फळे त्यांनी स्वतः तोडली. पदार्थांच्या कृती पुस्तकात आहेत त्या शोभेसाठी नाहीत. स्वयंपाकघर हे त्यांच्या दृष्टीने गावाशी ओळख करून घेण्याचे दार आहे. झाडाखालच्या लांब मेजाचे प्रकरण वाचताना कोणालाही आपल्या घरच्या सणाची पंगत आठवेल. मित्रांनी एकत्र बसून सावकाश जेवणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, हे बाई मनापासून जाणतात. पुढे २००३ साली निघालेल्या चित्रपटाने हा सारा खटाटोप बाजूला सारून घटस्फोटित नायिकेच्या मनाची मलमपट्टी हा विषय केला. पुस्तक त्याहून निश्चितच अधिक प्रामाणिक आहे.

तरीही एक प्रसंग आमच्या मनात खुपत राहतो. ब्रामासोलेच्या वाटेवर भिंतीतल्या कोनाड्यात पवित्र मरियेची प्रतिमा आहे. एक वृद्ध गृहस्थ खांद्यावर कोट टाकून रोज तेथे येतो, सुकलेली फुले काढतो, ताजी वाहतो आणि निघून जातो. बाई त्याला पाहतात, त्याच्याविषयी तर्क करतात, त्याच्यामुळे हेलावतातही. अतिशय सुंदर असा हा प्रसंग आहे. परंतु तो माणूस दृश्याचा भाग होऊन राहतो. त्याने आयुष्यभर काय केले, कोणाच्या जमिनीत राबला, त्याची मुले कुठे गेली, या प्रश्नांच्या उंबरठ्यावर पुस्तक थांबते. भक्ती दिसते, भक्त दिसत नाही. भोजनकारभाऱ्याने घेतलेली चव अस्सल आहे. रांजणापर्यंत तो गेलेला नाही.

आणि रांजणापर्यंत गेल्याशिवाय एका साध्या गोष्टीचा उलगडा होत नाही. तोस्कानात एवढी जुनी घरे रिकामी कशी मिळाली? या प्रदेशातील शेती शतकानुशतके अर्धेलीने चाले. जमीन मालकाची, राबणूक कुळाच्या साऱ्या कुटुंबाची आणि पीक निम्मे निम्मे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने उभे राहिले तशी ही कुटुंबे शहरांकडे निघाली. १९६४ साली कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी घातली, तोवर खेडी रिकामी होऊ लागली होती. पाहुण्यांना मोहविणारी शांतता पुष्कळ अंशी या निघून गेलेल्या माणसांची शांतता आहे. ती उपभोगणे हे पाप नव्हे. पण तिचे कारण न विचारता तिचे गोडवे गाणे, हे साहित्याचे अपुरेपण खास आहे.

आता पावेझे. त्यांचा जन्म १९०८ साली सांतो स्तेफानो बेल्बो या द्राक्षमळ्यांच्या गावी झाला आणि याच टेकड्या त्यांनी कादंबरीत उभ्या केल्या. जवळचे कानेल्ली हे फसफसणाऱ्या गोड द्राक्षारसासाठी प्रसिद्ध असलेले नगर. कादंबरीचा निवेदक टोपणनावाने ‘आंग्विला’, म्हणजे वाम मासा, म्हणून ओळखला जातो. तो टाकून दिलेले पोर. इस्पितळाकडून दरमहा मिळणाऱ्या पैशांसाठी एका गरीब जोडप्याने त्याला गामिनेल्लाच्या कुडात वाढवले. गारपिटीने मळा झोपला, घर विकले गेले आणि तो पोरवयातच मोठ्या वाड्यावर गडी म्हणून राहिला. पुढे अमेरिकेला गेला, पैसा केला आणि युद्धानंतर उन्हाळ्यात परतून गावच्या खाणावळीत उतरला. अंगावर चांगले कपडे, हातात भरपूर वेळ, सोबतीला नूतो हा बालपणीचा मित्र, पेशाने सुतार आणि एकेकाळी जत्रांतून क्लॅरिनेट वाजवणारा. दोघे टेकड्यांवर हिंडतात, बोलतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही मित्रांची निवांत सुट्टीच वाटेल.

फरक असा की या पाहुण्याने पूर्वी रांजण भरलेले आहेत. मळ्याच्या रांगा पाहताना हिवाळ्यातली छाटणी, वेली बांधणे, मोरचूद आणि चुन्याची फवारणी, गारांची धास्ती हे सारे त्याच्या हातांना आठवते. त्याच्या जुन्या कुडात आता वालीनो नावाचा अर्धेलीचा कूळ राहतो, आणि वालीनोच्या लंगड्या मुलात, चिंतोमध्ये, आंग्विलाला आपलेच बालपण दिसते. एके दिवशी मालकीण शेंगा आणि बटाट्यांची वाटणी करायला येते. ती गेल्यावर वालीनोचा संताप घरातल्या बायकांवर फुटतो. तो त्यांचा जीव घेतो, घर पेटवतो आणि स्वतः गळफास लावून घेतो. चिंतो तेवढा वाचतो. पावेझे येथे आक्रोश करीत नाहीत. वाटणीचा तराजू आणि पेटलेले घर यांच्यामध्ये किती थोडे अंतर असते, एवढेच ते दाखवतात.

शीर्षकातील आगट्यांचा अर्थही येथे ध्यानात घ्यावा. संत योहान बाप्तिस्ताच्या सणाच्या रात्री शेतकरी टेकड्यांवर आगट्या पेटवीत. त्याने जमीन जागी होते, पीक चांगले येते, अशी त्यांची समजूत. त्याच संताच्या सणाला गोव्यात आपली माणसे विहिरीत उड्या घेतात. तिकडे अग्नी, इकडे पाणी. आंग्विला या समजुतीला हसतो. नूतो मात्र परिवर्तनाची भाषा बोलणारा असूनही हसत नाही. ज्या समजुतीने कोणाचे नुकसान होते तीच अंधश्रद्धा, असे त्याचे म्हणणे. कोणी चंद्र आणि आगट्यांच्या नावाखाली शेतकऱ्याला लुबाडले तर मग तो अडाणी. लोकभक्तीविषयी याहून समंजस विचार आम्हांला आधुनिक कादंबरीत क्वचितच आढळला. कादंबरी पुढे जाते तशी आगट्यांची रूपे पालटतात. वालीनोचे घर जळते. शेवटी कळते की वाड्यावरची धाकटी मुलगी सांता हिला हेर ठरवून युद्धकाळात गोळ्या घातल्या आणि तिचे शव द्राक्षवेलींच्या काटक्यांवर जाळले. जमीन जागवणारा अग्नी माणूस पुसून टाकणारा अग्नी होतो.

या श्रेष्ठ कादंबरीतही उणिवा आहेत आणि त्या सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. गावचा धर्मगुरू येथे मृतांच्या निमित्ताने राजकारणाचे प्रवचन झोडणारा म्हणून येतो. असे धर्मगुरू त्या काळात नव्हतेच असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु कुळांबरोबर उपास काढणारे धर्मगुरूही त्याच टेकड्यांवर होते, ते पावेझेंना दिसले नाहीत. सांताविषयी सर्व पुरुष बोलतात. तिची बाजू तिच्या मुखातून येत नाही. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे मेजवानीची. रांजणाजवळचा सारा शीण पावेझे जाणतात. द्राक्षारसाने माणसाचे हृदय प्रसन्नही होते, हे ते जवळजवळ विसरतात. नूतो पोरक्या चिंतोला आपल्या घरी आश्रय देतो, तेवढा एक दिवा तेवत राहतो. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, ऑगस्ट १९५० मध्ये, पावेझेंनी तुरिन येथे स्वतःचे जीवन संपवले. त्या मृत्यूचा निवाडा करणारे आम्ही कोण? मात्र केवळ रांजणापाशी उभे राहून जगणे माणसाला किती जड जाते, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

मग मेज आणि रांजण, आनंद आणि ज्ञान, ही दोन्ही एकत्र असलेली सुट्टी संभवतच नाही काय? याचे उत्तर पावेझेंच्या शेजारच्याच टेकड्यांवर आहे आणि ते आपल्या परिचयाचे आहे. डॉन बॉस्को यांचा जन्म १८१५ साली आस्तीकडील बेक्की या वस्तीत शेतकरी कुटुंबात झाला. वडील लवकर वारले. पोरवयात ते दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहिले होते. तुरिनच्या रस्त्यांवरील मुलांना गोळा केल्यावर हेच डॉन बॉस्को शरद ऋतूत, द्राक्षतोडणीच्या दिवसांत, मुलांना घेऊन या गावांतून पायी सहली काढीत. बँड वाजे, नाटके होत, मिस्सा होई, गावकरी जेवू घालीत. १८६४ च्या अशाच सहलीत ते मोर्नेझे गावी पोहोचले. तेथे त्यांची भेट मारिया माझ्झारेल्लो हिच्याशी झाली. ही तरुणी वडिलांच्या बरोबरीने द्राक्षमळ्यात राबून वाढलेली होती. १८७२ साली या दोघांनी सेलेशियन भगिनींचा संघ स्थापन केला. एका सुट्टीतल्या पायपिटीची ही फलश्रुती! पाहुण्याने यजमानाकडे मन लावून पाहिले, त्याचे नाव विचारले, म्हणून ती मिळाली.

हे आज सांगण्याचे कारण आहे. इटलीत १९८५ साली कायदा झाला की शेतकऱ्याने आपल्या शेतावरच पाहुणे उतरवावेत, मात्र शेती हाच मुख्य व्यवसाय राहावा. हेतू स्तुत्य होता. त्यामुळे काही कुटुंबे जमिनीवर टिकली. पावेझेंच्या प्रदेशातील मळ्यांना २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ज्या टेकड्यांवरून माणसे पोटासाठी देशोधडीला लागली, त्या आता जगाचे भूषण ठरल्या. पोप फ्रान्सिस यांचे घराणे याच आस्ती भागातील पोर्ताकोमारो गावचे. त्यांचे आजी-आजोबा आणि वडील १९२९ साली अर्जेंटिनाला गेले. आणि आज तोडणीला येणारे हात पुष्कळदा मॅसिडोनियातून, आफ्रिकेतून आलेले असतात. इटलीच्या इतर शेतीत आपले पंजाबी बांधवही राबतात. जून २०२४ मध्ये लातीना प्रांतात त्यांपैकी एकाचा हात यंत्रात तुटला, त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी घरापाशी टाकून देण्यात आले आणि तो मरण पावला, हे आपण वाचले आहे. वालीनोचे कूड रिकामे झालेले नाही. त्यात राहणारा तेवढा बदलला आहे.

आपण यात्रेकरू म्हणून तिकडे पाहुणे असतो, परंतु येथे, अर्नाळा, गोराई, मनोरीच्या किनाऱ्यावर, आता आपण यजमानही झालो आहोत. शहरातील मित्रमंडळी दोन दिवसांच्या विसाव्यासाठी आपल्या वाड्यांत येतात, ताडीची आणि मासळीची चव वाखाणतात. त्यांनी लिहिलेली वर्णने सुंदर असतील, आणि ती आपण कौतुकाने वाचूही. रांजण कोणी भरले, ते मात्र आपल्यालाच लिहावे लागेल. मिस्साबलीत द्राक्षारस अर्पण करताना याजक वेलीच्या फळाबरोबर मानवी श्रमाचेही नाव घेतो. मेझबाईंना फळ दिसले, पावेझेंना श्रम दिसले. वेदीवर ही दोन्ही एकाच प्याल्यात असतात. आपल्या लेखकांकडून आमची अपेक्षा याहून अधिक नाही आणि याहून कमीही नाही.