मनुष्य-मासाचें फसवें गणित

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत संगणकाच्या प्रोग्रामांविषयींच्या पुस्तकाचें परीक्षण पाहून कांहीं वाचक भुंवया उंचावतील. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, आज मध्यमवर्गीय मराठी घरांतील कितीतरी मुलगे व मुली याच व्यवसायांत आहेत. परंतु तीं दिवसभर नेमकें काय करतात, हें त्यांच्या आईबापांस बहुधा उमगत नाहीं. या कामाचें वर्म सामान्य सुशिक्षितास कळेल अशा भाषेंत सांगणारे ग्रंथ थोडे आहेत. त्यांत फ्रेडरिक ब्रूक्स यांच्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या निबंधसंग्रहास आम्ही अग्रस्थान देतों.

ग्रंथ १९७५ सालचा आहे. आयबीएम कंपनीच्या सिस्टिम/३६० या संगणकमालेचे, आणि पुढें तिच्या ओएस/३६० या कार्यप्रणालीचे ब्रूक्स हे प्रमुख होते. १९६३ ते १९६६ या काळांत या एका प्रणालीवर सुमारें ५००० मनुष्य-वर्षें खर्ची पडलीं असावीं, असा त्यांचाच अंदाज आहे. तरीही काम उशिरा झालें व प्रथम सदोष उतरलें. या अनुभवाचा प्रांजळ जमाखर्च म्हणजेच हा ग्रंथ होय. त्यांतील मुख्य सिद्धांत असा कीं, आधींच रखडलेल्या कामावर आणखी माणसें नेमलीं तर तें आणखीच रखडतें. भाताची लावणी दहांऐवजीं वीस हातांनीं लवकर उरकते. प्रोग्रामाचें तसें नाहीं. नव्या माणसास शिकवण्यांत जुन्याचा वेळ जातो, आणि परस्परांशीं बोलण्याच्या वाटा झपाट्यानें वाढतात. तीन माणसांत अशा वाटा ३, दहांत ४५, पन्नासांत १२२५! बारभाईचा कारभार म्हणजे काय, हें मराठी वाचकास निराळें सांगावयास नकोच.

या ग्रंथाचा आम्हांस सर्वांत भावलेला गुण म्हणजे लेखकाचा प्रामाणिकपणा. डेव्हिड पार्नास यांचें मत असें होतें कीं, प्रोग्रामाच्या प्रत्येक भागाचें अंतरंग इतरांपासून झांकलेलें असावें. ब्रूक्स यांनीं पहिल्या आवृत्तींत तें अमान्य केलें होतें. १९९५ च्या आवृत्तींत पार्नास बरोबर होते व आपण चुकलों, अशी स्वच्छ कबुली त्यांनीं दिली आहे. आपल्याच ग्रंथांत वीस वर्षांनीं असें लिहिणारे ग्रंथकार आमच्या विद्वानांत किती निघतील?

गुणांबरोबर दोषही सांगितला पाहिजे. ब्रूक्स यांची दृष्टि सदैव प्रमुखाच्या खुर्चींतून पाहते. एक निष्णात शस्त्रवैद्य आणि त्याच्या भोंवतीं नऊ साहाय्यक, अशी आदर्श तुकडी त्यांनीं हार्लन मिल्स यांच्या सूचनेवरून रंगविली आहे. एका ग्रंथावर एकाच बुद्धीची छाप असावी हें खरें. पण त्या साहाय्यकांपैकीं उद्यांचा शस्त्रवैद्य कसा घडतो, याचा विचार या तुकडीच्या वर्णनांत जवळजवळ नाहीं. ही उणीव पन्नास वर्षांपूर्वीं क्षम्य होती. आज ती तशी राहिलेली नाहीं.

१९८६ सालच्या 'नो सिल्व्हर बुलेट' या निबंधांत ब्रूक्स यांनीं प्रोग्राम-रचनेंतील अडचणींचे दोन वर्ग केले: एक मूळ स्वरूपाच्या व दुसऱ्या आनुषंगिक. काय करावयाचें हें ठरविणें मूळचें, आणि ठरलेलें यंत्राच्या भाषेंत उतरविणें आनुषंगिक. एका दशकांत काम दसपट सुकर करील असा एकही रामबाण उपाय दृष्टिपथांत नाहीं, असें त्यांनीं बजावलें. आणि ज्या उपायांबद्दल ते साशंक होते त्यांत कृत्रिम बुद्धिमत्ताही होती. मूळ ग्रंथांतील त्यांच्या ठोकताळ्याप्रमाणें प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिण्यास एकूण काळाचा एक-षष्ठांशच लागतो. एक-तृतीयांश आंखणींत जातो, व उरलेला अर्धा तपासणींत. ब्रूक्स १७ नोव्हेंबर २०२२ रोजीं निवर्तले, आणि तेरा दिवसांनीं, ३० नोव्हेंबरला, चॅटजीपीटी लोकांपुढें आलें. त्यांचें विधान आतां कितपत टिकतें?

आम्हीं महाविद्यालयांत एक लहानसा प्रयोग केला. परीक्षेचें वेळापत्रक लावणारा प्रोग्राम लिहावयास अशा एका यंत्रास सांगितलें. घटकाभरांत प्रोग्राम तयार झाला आणि विनातक्रार चालला. परंतु वेळापत्रक पाहतांच आमचे जुने लेखनिक हंसले. मागील वर्षाचा विषय राहिलेल्या मुलांचे दोन पेपर एकाच वेळीं आले होते! ही अडचण त्यांस वर्षानुवर्षें पाठ होती. ती सांगण्याचें आम्हांस सुचलेंच नव्हतें. दोष यंत्राचा नव्हता. आपणांस काय हवें आहे, हेंच आम्हांस पुरतें ठाऊक नव्हतें. येथवर ब्रूक्स यांचा जय झाला.

तथापि चुकीचें वेळापत्रक इतक्या लवकर डोळ्यांपुढें आलें, म्हणूनच ती चूकही लवकर कळली. चौथ्या खेपेस वेळापत्रक वापरण्याजोगें झालें. म्हणजे आनुषंगिक काम स्वस्त झालें कीं मूळ विचारही लवकर स्वच्छ होतो. झटपट नमुना करून दाखवावा, असें ब्रूक्स यांनीं १९८६ सालींच सुचविलें होतें. दोन वर्गांमधील भिंत ते मानतात तितकी भक्कम नाहीं, असें आमचें मत आहे.

परंतु या प्रयोगांतील खरी टोंचणी वेगळीच आहे. पूर्वीं असें काम आम्ही शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्यास देत असूं. तो महिनाभर लेखनिकांजवळ बसे, चुके, त्यांचें हंसें सोशी, आणि लोकांस काय हवें आहे हें विचारण्याची कला शिके. यंदा तें काम कोणाच्याच वांट्यास आलें नाहीं. गवयाच्या मागें वर्षानुवर्षें तंबोरा धरणारा शिष्य केवळ तंबोराच धरीत नसतो. साहाय्यकाची जागा यंत्रानें घेतली तर शस्त्रवैद्य कांहीं काळ सुखी होईल. त्याच्यामागें कोण उभें राहणार? थोर रचनाकार जाणीवपूर्वक घडवावे, असें ब्रूक्स यांनीं त्याच निबंधाच्या अखेरीस लिहिलें आहे. त्यांचा हा उपदेश रामबाणाच्या चर्चेंत मागें पडला, पण आज तोच सर्वांत मोलाचा आहे.

पुढील परीक्षेच्या वेळीं दोन विद्यार्थ्यांस प्रथम लेखनिकांजवळ बसवावें, आणि मगच यंत्राजवळ, असें आम्हीं ठरविलें आहे. ज्यांचीं मुलें या व्यवसायांत आहेत त्यांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा, आणि मुलांशीं त्यावर बोलावें.